जोरात मॅडम

वर्गात एखादी पोरगी हळू आवाजात बोलली की आमच्या मॅडम कानामागे हात धरायच्या आणि म्हणायच्या, "जोरात!" कान त्यांचे भलतेच तिखट होते, व्हरांड्यातली कुजबुजसुद्धा सुटायची नाही. पण मुलींनी उभं राहायचं, पूर्ण नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि मगच प्रश्न विचारायचा, हा त्यांचा कायदा. मुलांना सूट. "त्यायले काऊन सांगू? ते तर उत्तर नाई आलं तरी बोलतेत!" वर्ध्याच्या त्या कॉलेजात सगळे त्यांना 'जोरात मॅडम' म्हणत. प्राचार्यसुद्धा म्हणत, अर्थात हळू आवाजात.

शिकवायच्या प्राणिशास्त्र, पण जीव सगळा मेंदूत. खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू स्टीलच्या डब्यात स्वतः घेऊन यायच्या आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला एकेका मुलीच्या हातावर ठेवायच्या. आमच्या घरी सगळे माळकरी. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "मॅडम, आमच्यात चालत नाही." "खाले नाई देऊन राह्यली बाई, पाह्यले देऊन राह्यली!" सगळा वर्ग हसला. मी चिडून हात पुढे केला. गार, मऊ, ओल्या खव्यासारखा तो गोळा. याच्यात त्या बकऱ्याची भीती होती, भूक होती, आईची ओळख होती, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. मला पुढे काय करायचं ते त्या दिवशी ठरलं.

मॅडम मूळच्या नाचणगावच्या. तरुणपणी एका मोठ्या संशोधन संस्थेत होत्या, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. तिथल्या एका बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, प्रयोगाचं उत्तर असं उलटं का आलं? "मले येत होतं. वाटलं, नाचणगावची पोरगी, हसतीन सारे. चूप बसली. बाजूच्यानं तेच सांगतलं अन् कायमची जागा त्याले भेटली." एवढंच सांगायच्या आणि पुढे फळा पुसायला लागायच्या. पण त्या एका गप्प बसण्यावर ही बाई जन्मभर चिडलेली होती. म्हणायच्या, "जे जोरात सांगता येत नाई, त्याची तुलेच खात्री नसते."

त्या वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला एकट्या राहायच्या. रविवारी आम्हा मुलींना पातोडीचा रस्सा खायला बोलवायच्या. कुणाला पुण्याला, कुणाला हैदराबादला प्रवेश मिळाला की फाटकापर्यंत सोडायला यायच्या. "जाजो. भेटाले येजो, राह्यले नको येऊ." असं दरसाल घर भरायचं आणि दरसाल रिकामं व्हायचं. आम्ही वळून पाहिलं तर त्या अंगणातल्या जास्तीच्या खुर्च्या एकेक करून आत नेत असायच्या. मला ते पाहवायचं नाही.

माझ्या वेळी घरी गोंधळ. बाबा म्हणाले, "मेंदूचं शिकून काय, पागलखान्यात नोकरी करते का?" मॅडम एसटीनं थेट आमच्या गावी, आंजीला आल्या, ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मानसाचं डोकं कसं चालते ते तुमची पोरगी शोधणार आहे. अर्ध्या गावाचं काऊन नाई चालत, तेही समजन!" बाबा खो खो हसले आणि गेले कपाशीत. म्हणजे होकारच.

बंगळुरूला प्रवेशाच्या मुलाखतीत बाकीची मुलं खुर्चीत बसून अदबीनं इंग्रजी बोलत होती. माझा पुकारा झाला, मी आत गेले, बसले, आणि पहिला प्रश्न येताच ताडकन उभी राहिले. "प्रणाली महादेव ढोक, आंजी मोठी, तालुका जिल्हा वर्धा!" खिडकीच्या काचा हादरल्या असतील. परीक्षक दचकले, मग हसले. अय्या, काय केलं मी हे! पण गंमत अशी की एवढं ओरडल्यावर भ्यायला काही उरलंच नाही. निवड झाली.

बऱ्याच वर्षांनी मला परदेशात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. त्याच आठवड्यात मॅडमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला: मॅडमना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली.

मी सिंदी मेघेला पोचले. मॅडम खाटेवर टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी डाव्या हाताचं बोट डाव्या कानशिलावर टेकवलं आणि भुवया उंचावल्या, तोंडी परीक्षेत उंचवायच्या तशा. "बोलण्याची जागा, मॅडम," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला रडू आवरेना.

मग जे ठरवून आले होते ते सांगितलं. "मॅडम, मी नाही जात तिकडे. इथंच वर्ध्याला नोकरी बघते. तुमच्याजवळ राहते."

त्यांनी डावा हात कानामागे धरला.

मी पुन्हा बोलायला गेले. आवाज फुटेना. हात तसाच कानामागे. त्यांच्यापाशी कुणीतरी राहायला हवं, हे खरं होतं. मला जायचंय, हेही खरं होतं. आणि त्यांना दोन्ही कळत होतं. मी उभी राहिले. "प्रणाली महादेव ढोक, आंजी मोठी. मॅडम, मी जाते!" काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

मॅडमनी हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या गेल्या तेव्हा मी इकडे होते. सकाळी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोचते. बाहेर बर्फ असतं, आत यंत्रांची घरघर. कधीकधी उभी राहून नाव सांगते, गाव सांगते. अगदी हळू सांगते. कुणी "जोरात!" म्हणत नाही.