जीपवाल्याला दिलेली मते

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, दुपारचे चार. नातीने आमच्या शारजातल्या घरी लॅपटॉप उघडला. कॉलेजने विषय दिला होता: एका आमदाराची पार्श्वभूमी आणि त्याच्या मतदारसंघाचा मतदानाचा इतिहास. तिने रत्नागिरीकडचा आमचाच आमदार निवडला.

मतदान त्याच महिन्यात होते. पत्नीला त्यासाठी गावी जायचे होते. तिचे गुडघे पाहून मी नकार दिला होता. एका मताने काय होणार, असेही म्हणालो होतो.

नातीला मी सांगितले, "लिही. गावातले पुरुष सगळे आखातात. मतदानाच्या आधी आम्ही इथून फोन करायचो, कोणाला द्यायचे ते सांगायचो. गाव तसे मत द्यायचे."

भाजी निवडता निवडता पत्नी हसली. "लिही गो, लिही. नाना सांगायचे, नानी 'हो' म्हणायची. मग बायका आमच्या पडवीत जमायच्या आणि खरे काय ते ठरवायच्या."

"व्हॉट? नानी, सीरियसली?"

"हा आमदार पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा नानांनी दुसऱ्याला द्यायला सांगितले होते. आम्ही यालाच दिले. पूर्वी हा जीप चालवायचा. तुझ्या आईच्या वेळी मला तालुक्याच्या इस्पितळात यानेच पोचवले. बाळाच्या कानात अजान द्यायला घरचा पुरुष नव्हता. हा मशिदीत गेला आणि बांग देणाऱ्या बांगीसाहेबांना जीपमध्ये घालून घेऊन आला."

मी तेव्हा खोर फक्कानच्या बंदरात कामाला होतो. मुलगी झाली, दोघी सुखरूप, एवढीच तार मला मिळाली होती.

"मला कधी सांगितले नाहीस," मी म्हणालो.

"फोनचे मीटर पळायचे. तुमचे सांगून झाले की खलास."

नात टाइप करायची थांबली. "अँड दिस टाइम, नानी?"

"यंदा तो पडणार म्हणतात. म्हणून तर जायचे आहे."

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. ती भाजी निवडत राहिली.

मी शर्ट बदलला आणि रोल्लाच्या बाजारात विमानाच्या तिकीटवाल्याकडे गेलो.

"चाचा, एक टिकट?"

"दोन. एकीला व्हीलचेअर लिही."

मतदारयादीत माझे नाव नाही. पण तिची बॅग उचलायला माणूस हवा.

घरी येऊन ती बॅग कपाटावरून उतरवली, पुसली आणि चाकांना तेल दिले.