गोट्यांच्या खालचं गाव

“तिथं ठेव, चपलांपाशी.”

आमदाराने मान वर न करता सांगितलं. वडशाच्या विश्रामगृहाचा व्हरांडा, भर दुपार. माझ्या हातात गावाचा अर्ज. मी वाकले आणि तो चपलांपाशी ठेवला. ठेवला, याची मला आजही लाज वाटते. मागे शंकरभाऊ टोपी हातात घेऊन उभे होते.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमचं गाव नदीकाठी, जंगलाला लागून. आम्ही बौद्ध, शंकरभाऊ कुणबी. पण दोघांच्याही धानाच्या बांध्या जबरानजोतीच्या. म्हणजे बापांनी जंगल साफ करून काढलेल्या, सरकारी कागद नसलेल्या. पट्टा, म्हणजे जमिनीचा सरकारी कागद, मिळेल या आशेने आमच्या मोहल्ल्याने या आमदाराला मतं दिली. त्याच आशेने शंकरभाऊंच्या मोहल्ल्याने त्याच्या विरोधकाला दिली. त्या निवडणुकीपायी दोन्ही मोहल्ल्यांचं बोलणं तुटलं. बायका विहिरीवरही तोंड फिरवून पाणी भरायच्या.

निवडणुकीनंतर सरकारी माणसं आली. शेतांच्या वर, टेकडीच्या उतारावर, त्यांनी आकडे कोरलेले गोटे रोवले. कशाचे, विचारलं तर म्हणाले, “साहेबाले विचारा.” आम्ही कशाला विचारतो? आम्ही ठरवूनच टाकलं की ही पट्ट्याची हद्द. आई सणासुदीला गोट्यांना पांढरी माती पोतायची, हद्द ठळक दिसावी म्हणून. शंकरभाऊंची बायको वर कुंकू लावायची. दोन पावसाळे आम्ही असे खुशीत काढले.

मग जंगलाचा शिपाई सांगून गेला, “औंदा पेरू नका.” का, ते सांगेना. तेव्हा कुठे दोन्ही मोहल्ले एकत्र बसले. मी सातवी शिकलेली, अर्ज मी लिहिला: गोट्यांच्या आतल्या शेतांचे पट्टे द्या, पेरू द्या. तो घेऊन शंकरभाऊ आणि मी वडशाला आलो होतो.

“कोनत्या गोट्यायचं म्हनता?” मी गोट्यांचं नाव काढताच आमदाराने विचारलं. मी सगळं सांगितलं. पांढऱ्या मातीचंही.

आतून कोणी तरी मोठ्याने हसलं. पडदा सारून सुपारी कातरत जो बाहेर आला, तो निवडणुकीत पडलेला उमेदवार होता. शंकरभाऊंचा माणूस. ज्याच्यासाठी शंकरभाऊंनी बैलबंडीवर झेंडा लावून महिनाभर गावं पालथी घातली, तो आमदाराशेजारच्या खुर्चीत आरामात बसला. शंकरभाऊंकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

“अवो बाई,” आमदार म्हणाला, “ते पट्ट्याचे नाई, धरनाच्या पान्याचे गोटे हायेत. पानी तिथवर येनार. तुम्हाले कोनी सांगतलं नाई काय?”

“तुम्हीच सांगायले पाह्यजे होतं,” मी म्हणाले.

त्याने एक कागद पुढे सरकवला. “शिकलेली दिसतेस. गावाच्या वतीनं सही कर. मोबदल्याचं मी पाहून घेईन.”

मी वाचलं. ‘लोकप्रतिनिधींनी ग्रामस्थांशी सविस्तर चर्चा केली असून सर्वांची संमती आहे.’ खाली आमदाराची सही. तिच्या शेजारी पडलेल्या उमेदवाराची. शाई वाळलेली. आम्ही निघण्याआधीच आमची चर्चा होऊन गेली होती.

मी कागद परत त्याच्याकडे सरकवला.

“मी सही करनार नाई.”

“पानी तुह्या सहीसाठी थांबनार नाई,” आमदार शांतपणे म्हणाला. तो शांतपणा मी विसरलेली नाही.

मी वाकले, चपलांपाशी पडलेला आमचा अर्ज उचलला आणि पायऱ्या उतरले. शंकरभाऊंनी टोपी घातली आणि ते माझ्यामागून आले. 

एसटीतून उतरून गावाकडे चालताना दिवस कलला होता. टेकडीवर गोट्यांची पांढरी रांग लांबूनच दिसत होती. तिच्या खाली सगळं होतं. आमची घरं, त्यांची घरं, विहीर, विहार, मारुती, शाळा. एकही कौल त्या रांगेच्या वर नव्हतं. पाणी कुठवर येणार ते आम्हीच उजळून ठेवलं होतं.

“आता कोनाकडं जाचं, बाई?” शंकरभाऊंनी विचारलं. निवडणुकीनंतर ते माझ्याशी स्वतःहून पहिल्यांदाच बोलले.

“कोनाकडंच नाई. त्यायले येऊ द्या आपल्याकडं.”

पुढे मोजणीवाले आले, पोलीस आले, तो कागद पुन्हा आला. मी प्रत्येक वेळी वाटेत उभी राहिले. माझं मत घेतलं म्हणून माझी जीभ कोणाच्या मालकीची झाली नाही. गाव राहील की बुडेल, मला अजूनही ठाऊक नाही. पण बुडालंच, तर आमच्या संमतीने बुडालं असं मी कोणाला लिहू देणार नाही.