बापूंचा डावा हात

आजारपणाचा अनुभव म्हणल्यावर तुमी रुमाल काढून बसला असाल. ठेवा तो खिशात. माझ्या आजारात रडण्यासारखं थोडंच हाय, आणि जे हाय ते माझं न्हाई.

हातापायांतली ताकद गेली तवा सांगलीतल्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच न्हाई. मग मणक्यातलं पाणी तपासलं, नसांना करंट लावून बघितला आणि म्हणाले, "गिया-बारे सिंड्रोम." म्हंजे अंगाची राखण करणारी ताकदच आपल्या नसांवर उठती. राखणदारानंच ऊस तोडावा तसं.

आईनं विचारलं, "आवं डॉक्टर, पोरगं चालंल का?"

"बहुतेक चालेल. वेळ लागेल."

पाच दिवस महागडं औषध सलाईनमधनं गेलं. हात सुधारले, पाय न्हाई. मग फिजिओथेरपीसाठी एका केंद्रात हलवलं.

आमच्या पलूसला गणपतीत, लग्नात मी लोकांचे आवाज काढतो. सरपंच, एसटीचा कंडक्टर, बिघडलेला पंप, काय बी. केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांचा आवाज मला आठवड्यात बसला. आधी खाकरायचं, मग शेवटचा शब्द ओढायचा. सगळा वॉर्ड हसायचा.

शेजारच्या खाटेवर बापू. कोयनानगरचे, फौजेतनं रिटायर. स्ट्रोकनं उजवी बाजू गेलेली, वर अफेजिया. म्हंजे शब्द मनात असतो, जिभेवर येत न्हाई. मालकीण तिथनं फक्त रविवारी यायची. लघवीला लागलं की बापू डाव्या हातानं पेला खाटेच्या दांडीवर वाजवायचे.

वॉर्डातल्या मदतनिसाला सगळे मामा म्हणतात. आमच्या मामाला त्या पेल्याचा लय राग. एका सोमवारी त्यानं बापूंच्या गालफडात दिली. "मुक्या, गप पड." आणि तो चांगला हात बँडेजनं दांडीला बांधला. बापू ओल्या गादीत छताकडं बघत पडले.

मला स्वतःला उठता येत न्हाई, पाणी मामाच्याच हातचं. माझं कोण ऐकणार? म्हणून मी आपली कला चालवली. वॉर्डातल्या जुन्या फोनवर नंबर दिसत न्हाई. पांघरुणातनं मोबाईल लावला, खाकरलो, "त्या बापूंचा हात सोडाऽ."

मामा पळत आला. सोडला. तासाभरानं परत बांधला. मी परत फोन केला. असं तीन दिवस.

बुधवारी खरे डॉक्टर राऊंडला आले. मामा म्हणाला, "सर, तुमी फोनवर सांगितल्यागत हात सोडलाय."

"मी कुठं फोन केला?" म्हणत ते घाईत पुढं गेले. मामानं माझ्याकडं बघितलं. नंतर बँडेज असं आवळलं की बापूंची बोटं निळी पडली. "आता कर फोन."

व्यायाम घेणाऱ्या ताईंनी ती बोटं बघितली, हात सोडला. मी सगळं सांगितलं, फोन सोडून. त्या म्हणाल्या, "दिव्यांगांच्या हक्काचा कायदा आहे. मारहाण, छळ दिसला तर कुणीही तहसीलदारांना कळवू शकतं. नातेवाईक असावं लागत नाही. खऱ्या मनानं कळवलंस तर तुझ्यावर काही येत नाही. लिही."

चार ओळी लिहिल्या. ताई स्वतः घेऊन गेल्या.

दुपारी तहसीलदार मॅडम हवालदाराला घेऊन हजर. बापूंच्या हातात पेला दिला. "हो असेल तर एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा. तुम्हाला बांधलं होतं?"

टण.

"डॉक्टरांच्या सांगण्यावरून?"

टण, टण.

"मारलं?"

टण. मग बापूंनी स्वतःच पेला खाली ठेवून गाल दाखवला.

मामा त्याच दिवशी वॉर्डातनं बाहेर. दिव्यांगाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद हाय, हे हवालदारानं त्याला समजावलं. गुन्हा नोंदला, बापूंच्या मालकिणीला बोलावलं.

मी आता वॉकरवर चालतो. तुमच्या शेजारच्या खाटेवर असं काय दिसलं तर तहसीलदार, न्हाईतर पोलीस. चार ओळी बास होतात.

तर त्या दुपारी मी लय खुशीत. मॅडमना फोनची गंमत सांगितली, आवाज बी काढून दाखवला. हवालदार हसला. मॅडम न्हाई हसल्या.

"किती दिवस चाललं हे?"

"तीन."

"हात चालत होते ना तुझे? पहिल्या दिवशी लिहिता आलं असतं?"

"व्हय."

"मग? दुसऱ्याच्या नावानं फोन करतोस. उद्या याच्यावरून तुझी सगळी तक्रार खोटी ठरवतील, कळतंय का? आणि तुझा खेळ होईपर्यंत हे इथं बांधलेले. माझ्याकडं काय बघतोस? त्यांच्याकडं बघ, आणि सांग त्यांना, सोमवारीच का नाही लिहिलंस ते."