थांबल्यावर येणारा वास

आम्हाला गाडी हवी होती ती अहमदाबादेला जाण्यासाठी. बायकोचे उपचार तिथे चालू झाले होते. भाड्याच्या गाड्यांचा अनुभव वाईट होता. ड्रायव्हर डॅशबोर्डवर अत्तराची बाटली ठेवत, सकाळी उदबत्ती फिरवत, आणि औषधांनी तिचं नाक इतकं हळवं झालं होतं की वाटेतलं आणंद येण्याआधीच ती काच खाली करून ओकत असे. परतीच्या वाटेवर तर तिच्याकडे बघवत नसे.

नवी गाडी घेता आली नसती असं नाही. पण त्याच वर्षी फाल्गुनात माझी आई गेली होती, आणि वर्षाच्या आत घरात नवी मोठी वस्तू आणायची नाही ही आमच्याकडची रीत. मावशीने फोनवर निकाल दिला, जुनी गाडी चालेल, ती काही नवी नव्हे. बायको पलंगावरून म्हणाली, "म्हणजे सेकंडहँडला सुतक नाही. बरं झालं, मीही आता सेकंडहँडच." मावशीला ते ऐकू गेलं नसावं असं मी धरून चाललो.

डिझेल गाडी घ्यायची हे बायकोच्या धाकट्या भावाने ठरवलं. एवढा प्रवास, तोही एक्स्प्रेस-वेचा, मग पेट्रोल कशाला, असं त्याचं म्हणणं. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. जे कळत नाही ते वाचायचं एवढीच मला सवय. वाचनकक्षात येणारी मोटारींची मासिकं मी दुपारी काढून बसू लागलो. त्यांतून एवढं समजलं की जुनं डिझेल इंजिन धडधडत, कुरकुरत चालत राहायचं आणि बिघडलं तर रस्त्यावरचा कुणीही मिस्त्री ते हातोडीने ठीक करायचा. ही नवी इंजिनं वेगळी. त्यांच्यात डिझेल प्रचंड दाबाने, सुईएवढ्या भोकातून फवारलं जातं. ती शांत चालतात, आणि आत काय बिघडलंय ते बाहेर कळू देत नाहीत. मला भीती एकच होती. बायको मागच्या सीटवर आडवी पडलेली असताना, भर उन्हात, गाडी एक्स्प्रेस-वेवर बंद पडायची.

लहरीपुऱ्यात कापडाचं दुकान असलेल्या एका शेठची गाडी भावाने शोधून काढली. शेठ समा भागात, आमच्या घरापासून जवळच राहत. पांढरी गाडी, एकच मालक, जपून वापरलेली. पाहायला भावाने ओळखीचा मेकॅनिक आणला. बायकोने यायचा हट्ट धरला.

"ताई, तू येऊन काय बघणार?" भाऊ म्हणाला.

"मागची सीट. मला झोपायचंय तिच्यावर, तुला नाही."

मेकॅनिकने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. म्हणजे आम्ही येण्याआधी गाडी गरम करून ठेवलेली नव्हती. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं. त्याने सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरला, ऑइलचं झाकण उघडून वाफ येते का पाहिलं, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवली, अॅक्सिलरेटर दाबून टर्बोची शीळ ऐकली. मी मासिकांत वाचलेलं सगळं तो करत होता, त्यामुळे मला धीर आला. शेठनी चहा मागवला आणि तिच्यासाठी न विचारता लिंबूपाणी. "गाडी तो घोडा जेवी छे," मेकॅनिक हात पुसत म्हणाला, घोड्यासारखी.

तिने शेठना फक्त आरशाला टांगलेली अत्तराची डबी काढायला सांगितली. मग आम्ही चौघे फेरी मारायला निघालो. भाऊ चालवत होता, मेकॅनिक त्याच्या शेजारी, आम्ही दोघं मागे. काचा बंद, एसी चालू.

पहिल्या सिग्नलला ती म्हणाली, "आत धूर येतोय."

मला काही येत नव्हतं. भाऊ म्हणाला, "पुढे रिक्षा आहे, ताई. तिचा असेल."

पुढच्या सिग्नलला रिक्षा नव्हती. ती पुन्हा म्हणाली. मेकॅनिक मागे वळला आणि फार मायेने बोलला, "बेन, दवाने लीधे एवुं थाय. मारी बाने पण थतुं."

औषधामुळे. त्याच्या आईलाही व्हायचं म्हणे. आमच्या घरात त्या दिवसांत औषधामुळे हा शब्द सतत असे. तुरीच्या डाळीला रॉकेलचा वास येतो म्हणाली तर औषधामुळे. उशी टोचते, पाणी कडू लागतं, पाठीत उजवीकडे काहीतरी ओढल्यासारखं होतं, सगळं औषधामुळे. डॉक्टर म्हणत, भाऊ म्हणे, मीही म्हणे. कुणी खोटं बोलत नव्हतं. पण हळूहळू ती काही सांगेनाशी झाली होती. कसं वाटतंय विचारलं की "ठीक" म्हणायची. चाळीस मुलांच्या वर्गावर आयुष्यभर बोललेली बाई एका शब्दावर आली होती.

त्या दिवशी मात्र ती गप्प बसली नाही. डोळे मिटून, सीटला डोकं टेकून म्हणाली, "थांबलो की येतो, चाललो की जातो. माझं औषध सिग्नल बघून चढतं का?"

मी भावाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडायला लावलं. मेकॅनिकला ते पटलं नव्हतं, पण त्याने उघडलं. ती माझा हात धरून उतरली. डोक्याला बांधलेला रुमाल नीट केला, इंजिनावर वाकली, आणि वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तसं बोट दाखवलं. "इथून."

मेकॅनिकने इंजिनावरचं प्लॅस्टिकचं आवरण ओढून काढलं. मग कान खाली नेला. बराच वेळ तसाच राहिला. फट फट असा बारीक आवाज येत होता, आता मलाही ऐकू आला. डिझेल फवारणाऱ्या एका इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, टणक थर साचला होता. खालचा तांब्याचा वायसर, बारीक चकती, झिजून गेला होता. जळलेला वायू तिथून निसटत होता. गाडी थांबली की तो एसीच्या वाटेने आत येई, चालू लागली की वाऱ्याबरोबर मागे जाई. असंच चालवत राहिलं तर इंजेक्टर जागच्या जागी आवळून बसतो, मग काढताना इंजिनाचं डोकंही खराब होऊ शकतं, असं त्याने सांगितलं. मग तिच्याकडे पाहून, "बेन साचुं कहे छे," म्हणाला, बेनचंच खरं. शेठना ते सांगितलं तेव्हा ते खरोखरच खजील झाले. त्यांच्या गाडीत अत्तराशिवाय दुसरा वास कुणाला कधी आलाच नव्हता.

ती गाडी सोडून परत येताना भाऊ म्हणाला, "ताई, तुला आता आरटीओत घ्यायला पाहिजे."

"पगार आधी सांग," ती म्हणाली. किती दिवसांनी ती कुणाला उलट बोलली होती.

त्यानंतर पाहिलेल्या प्रत्येक गाडीत मेकॅनिकचं झालं की ती काचा बंद करून बसे. एका करड्या गाडीत ती इतका वेळ बसली की मी घाबरून दार उघडलं. "पास," ती म्हणाली. ती आम्ही घेतली. त्या गाडीने आम्हाला एकदाही दगा दिला नाही.

हिवाळ्याच्या शेवटी रिपोर्ट चांगले आले. गाठ आक्रसली होती. भावाने खंडेराव मार्केटकडून येताना पेढे आणले. डॉक्टरांना आणखी जोरदार औषधाच्या काही फेऱ्या द्यायच्या होत्या. तिने पेढा हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "कागद चांगले आहेत. मी नाही. आत काहीतरी निसटतंय, मला कळतंय."

"औषधामुळे वाटतं तसं, ताई," भाऊ म्हणाला. म्हटल्यावर त्याचाच चेहरा पडला.

मी डॉक्टरांना पुन्हा नीट तपासायला सांगितलं. त्यांनी तपासलं. त्यांना काही दिसलं नाही. ते वाईट डॉक्टर नव्हते. ठरलेल्या सकाळी मी गाडी फाटकाबाहेर काढली, तिची उशी मागे ठेवली. ती पायरीवर बसून राहिली. "मला नाही जायचं. आजही नाही, पुढेही नाही. जे उरलंय ते मला या औषधाविना हवंय."

मी "नक्की?" एवढंच विचारलं. तिने मान हलवली. मी उशी आत आणली.

मी बरोबर केलं का, हे मला माहीत नाही. त्या फेऱ्या घेतल्या असत्या तर आणखी एक दिवाळी मिळाली असती असं भावाला वाटे, आणि तसं तो एकदा माझ्यावर ओरडून म्हणालाही. उन्हाळा वाढला तसं दुखणं पाठीत उतरलं, जिथे ओढ लागते असं ती कधीपासून सांगत होती तिथेच. पण त्या दिवसांत ती पुन्हा सगळं सांगू लागली होती. दूध नासतंय म्हणाली तर मी दूध बदलत असे, मला वास येवो न येवो. पंख्याचा आवाज टोचतो म्हणाली की पंखा बंद. भांडणानंतरही भाऊ रोज येई, तिच्या खोलीत बसे, माझ्याशी कामापुरतं बोले.

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग स्पष्ट म्हणाली, "दाराशी कुणीतरी आलंय."

कुणी आलं नव्हतं. मी भावाकडे पाहिलं. तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला, कडी काढल्याचा आवाज आला. उन्हाची तिरीप थेट पलंगापर्यंत आली.

"आत बोलावू का, ताई?" त्याने तिथूनच विचारलं.

"थांब जरा. चपला काढतायत."

त्याने दार तसंच उघडं ठेवलं आणि परत येऊन तिच्या पायांशी बसला.