बैलाच्या साखळीला कुलूप

मांजरसुंब्याच्या चौकात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कुलूप घ्यायला गिऱ्हाइकाला पाच मिनिटं लागतात. धोंडीरामने तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पायरीवर दिसला तेव्हा मी गल्ल्यामागूनच ओरडलो, "अहो, सायकलीला कुलूप घेताय की पोरीला स्थळ बघताय?"

तो हसला नाही. "स्थळ टाळायलाच घेतोय, शेठ," म्हणाला. मग मला तोंड बंद ठेवून ऐकावं लागलं.

धोंडीराम इथून चार किलोमीटरवरच्या वस्तीवरचा. पोरगी आरोही बीडला अकरावी सायन्सला. वस्तीपासून चौकापर्यंत सायकल, पुढे एसटी. शाळेतून मिळालेली तिची सायकल आठवडी बाजारातून भरदिवसा गेली. दोन महिने तिचं कॉलेज बंद पडलं, आणि तेवढ्यात धोंडीरामचे थोरले भाऊ मोहनराव स्थळ घेऊन हजर. पोरीचं वय सतरा! मामाने दुसरी सायकल दिली म्हणून बोलणं थांबलं. पण उठताना मोहनराव म्हणाले, "ही बी गेली, तर मंग माजं ऐकायचं." थोरल्या भावापुढे धोंडीराम 'बरं' म्हणून बसला होता. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी होती नव्हती ती सगळी कुलुपं त्याच्यापुढे मांडली. मागच्या चाकाला बसतं ते गोल कुलूप त्याने उघडलं, लावलं, खाली ठेवलं. "चाक फिरायचं न्हाई, पर उचलून टेम्पोत टाकली तर?" मग आकड्यांचं दाखवलं. आकडा आपणच ठरवायचा, किल्लीची कटकट नाही. त्याचा चेहरा उजळला. "आमच्या रानाचा गट नंबर ठिवतो. पोरीलाबी पाठ हाय."

मी कपाळावर हात मारला. पीकविमा भरताना, तलाठ्याकडे, सोसायटीत, सगळीकडे माणूस आपला गट नंबर मोठ्याने सांगतो. "तुमचा गट नंबर वस्तीवरच्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक असेल!" त्याने ते कुलूप विंचवासारखं बाजूला सारलं.

शेवटी तो घरी जाऊन बैलाची साखळी घेऊन आला. बैल विकून दोन वर्षं झाली होती, साखळी गोठ्यात तशीच होती. "हिला बसंल असं सगळ्यात दणकट द्या." शटरला लावतात ते कुलूप मी काढून दिलं. माल खपला, आणि मला गंमतही वाटली, खोटं कशाला बोलू? एक किल्ली आरोहीच्या दप्तरात गेली. दुसरी त्याने तिथेच कमरेच्या करगोट्याला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून आरोहीची सायकल जमीलच्या दुकानासमोर विजेच्या खांबाला बांधलेली दिसू लागली. जमीलचं पंक्चरचं दुकान माझ्या शेजारी. आसपासच्या वस्त्यांवरची आठ-दहा मुलं त्याच्याकडे सायकली ठेवून बीडला जातात. पैसा नाही, पावती नाही. रीत एकच: कुलूप लावायचं नाही. गाडी दुरुस्तीला आली की जमीलला सायकली सरकवाव्या लागतात, आणि एसटीला उशीर झाला तर शटर पाडण्याआधी तो सगळ्या आत घेतो. घर मागच्याच गल्लीत. मुलांनी हाक मारली की येऊन काढून देतो. धोंडीरामला हे माहीत नव्हतं असं नाही. पण भ्यालेल्या माणसाला रीत कुठली सुचते?

चहा पिताना जमीलने मला विचारलं, "धोंडीरामभाऊला माज्यावर शक हाय का?"

"मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो. कुलूप मीच विकलंय हे काही सांगितलं नाही. त्याने ते कधीच ओळखलं होतं.

रमजान चालू होता. एक दिवस घाटात एसटी बंद पडली. आरोहीने कुणाच्या तरी फोनवरून बापाला कळवलं, आणि धोंडीराम वस्तीवरून जवळजवळ पळतच निघाला. चौकात पोचला तेव्हा दिवस मावळला होता. जमीलचं शटर पडलेलं. बाकीच्या सायकली आत. आरोहीची एकटी बाहेर, खांबाला, आणि तिच्याजवळ एका जुन्या टायरवर जमील बसलेला. हातात खजूर, पुढे पाण्याची बाटली. घरी सगळे इफ्तारीला त्याची वाट बघत होते आणि हा रस्त्यावर रोजा सोडत होता.

"घरी कावून न्हाई गेले, जमीलभाई?" धोंडीरामने धापा टाकत विचारलं.

"साखळी कुणी तोडणार न्हाई, भाऊ. पर चाकं काढायला एक पाना पुरतो. आत घ्यावी म्हटलं, तर तुमी बांधून ठिवली."

मी दुकान बंद करत होतो. माझे हात तिथेच थांबले. मला लाज वाटली. धोंडीराम करगोट्याची गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. शेवटी किल्ली निघाली. कुलूप उघडून त्याने किल्ली जमीलपुढे धरली. "ही तुमच्यापाशी असू द्या."

जमीलने हात मागे घेतला. "नको. उद्या कायबी झालं, तर लोक इचारतील, किल्ली कुणाकडं होती."

धोंडीरामने किल्ली खिशात टाकली. मग एकदम बोलला, "शक न्हाई हो, जमीलभाई. भेव हाय. ही सायकल गेली तर पोरगी जाती माजी." आणि त्याने स्थळाचं सगळं सांगून टाकलं. दुसरी एसटी आली, आरोही उतरली, आणि बापलेक सायकल हातात धरून वस्तीकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोहीने सायकल बिनकुलपाची ठेवली आणि बीडला गेली. नऊ वाजता धोंडीराम माझ्या पायरीवर हजर. काही घ्यायचं नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले. मी चहा दिला तो निवून गेला. त्याची नजर सायकलीवरून हलेना. कुणी गिऱ्हाईक जवळ गेलं की हा अर्धा उठायचा.

बाराच्या सुमाराला जमील हात पुसत आला. "धोंडीरामभाऊ, घरी जा. तुमी असे बसले ना, मला ते कालचं कुलूपच वाटताय."

धोंडीरामचं तोंड पडलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सायकलीकडे. मग टोपी नीट केली, पायरी उतरला आणि वस्तीच्या रस्त्याला लागला. मी वळणापर्यंत त्याला बघत राहिलो. दोनदा त्याची पावलं थांबली. पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.