जिभेवरची काडी

फोनवर तुम्ही दोघं नेहमी विचारता, की सकाळचा चहा ठेवण्याआधी आजी मोरीवर जाऊन तो कसला विचित्र आवाज काढते. तुमची आई हसते आणि विषय बदलते. म्हणून मीच लिहिते. यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमच्यातला धाकटा तेव्हा जन्मलाही नव्हता. मोठी पाच वर्षांची होती आणि डिसेंबरच्या सुट्टीत आई-बाबांबरोबर विमानाने महिनाभरासाठी भद्रावतीला माझ्याकडे आली होती. मी महिनाभर आधीपासून तयारी केली होती. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणून त्यांना खाकी कव्हरं घातली, कोणत्या दिवशी कोणती वाचायची तेही ठरवलं. इतकी वर्षं मी शाळेत लोकांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. आता माझ्या नातीला मांडीवर घेऊन वाचायचं, एवढीच माझी हौस होती.

त्याच आठवड्यात माझी मोठी जाऊ, म्हणजे तुमची मोठी आजी, कोरपन्याकडच्या गावाहून आली. कापूस वेचून झाला होता आणि तिला लेकराला पाहायचं होतं. पिशवीत तुरीच्या शेंगा, जवसाची चटणी आणि दात घासायच्या करंजाच्या काड्यांची जुडी. तिचे दात मोजून सहा उरले होते. शाळा तिने चौथीत सोडली होती.

मी वाचायला बसले की मुलगी शेजारी बसायची खरी, पण तोंड भिंतीकडे. चित्र दाखवायला मी वाकले की ती मागे रेलायची. दोन पानं झाली की तिला तहान लागायची, मग शू लागायची, मग ती परत यायचीच नाही. शोधायला गेले तर ही अंगणात उन्हात मोठ्या आजीच्या मांडीवर, नाकाला नाक लावून. अस्वलाने मोहाची फुलं खाल्ली आणि झोकांड्या देत गावात आलं, अशी काहीतरी गोष्ट चाललेली. जाऊ आपल्या बोलीत सांगायची, त्यातलं अर्धं मुलीला कळतही नव्हतं. तरी ती तोंडात तोंड घालून ऐकत होती.

मला ते सहन झालं नाही. सरळ लिहिते, कारण तुम्ही मोठे होताय: मी जळत होते. जावेची सतरंजी मी उन्हातून उचलून मागच्या खोलीत टाकली. तिला शेंगा सोलायला बसवलं, त्या संपल्या तर तांदूळ निवडायला दिले. मुलगी तिच्या शेजारी तांदूळ निवडायला बसली.

शेवटी मी तुमच्या आईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, गावाकडच्या बाया खर्रा खातात, तंबाखू-सुपारीचं ते घोटलेलं. तोंडाला किती घाण वास येतो. मुलीला इतकं जवळ जाऊ देऊ नकोस. तुमची आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, मग तिने पुढचा गोळा घेतला. मुलगी दारात उभी होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

रात्री सगळे जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "मोठ्या आजीच्या तोंडाला झाडाचा वास येतो. घाण वास तर तुझ्या तोंडाला येतो, आजी."

तुमच्या बाबांनी भाताकडे पाहिलं. जाऊ म्हणाली, "लेकराचं काय मनावर घेतं वं. जेव." ती टोचून बोलली असती तर मला भांडता आलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

नंतर तुमच्या आईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, मागच्या वेळी आले तेव्हाही होता, पण आईला असं कसं सांगायचं. मग मला एकेक आठवत गेलं. वाचनालयातल्या बाई माझ्याशी बोलताना पदर नाकाशी नेत. बँकेतला मुलगा खुर्ची मागे घ्यायचा. मला वाटायचं, निवृत्त शिक्षिकेचा आदर करतो. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, नाकाला त्याची सवय झालेली असते. त्या रात्री मी मनगट चाटलं, वाळू दिलं आणि हुंगलं. पुढचं लिहीत नाही.

दोन दिवसांनी मी आणि तुमची आई बसने चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना तक्रारीच्या सुरात सांगितलं, की मी दोन वेळा ब्रश करते, जेवणानंतर लवंग चघळते, वेलदोडा खाते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला जीभ बाहेर काढायला लावली. कापसाची पट्टी जिभेच्या मागच्या भागावरून फिरवून माझ्यापुढे धरली. पिवळट थर होता, आणि वास तोच, मनगटावरचा.

ते म्हणाले, लवंग वास झाकते, घालवत नाही. खालच्या तीन दातांची कवळी मी रात्रीही काढत नसे. आरशातसुद्धा मला तसं तोंड पाहायचं नव्हतं. ती रोज रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. रक्तदाबाच्या गोळीने तोंड कोरडं पडत असेल, तर घोट घोट पाणी पीत राहायचं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. हिरड्यांवर थोडं काम होतं, ते त्यांनी केलं. मग विचारलं, "जीभ घासत नाही का?"

नाही, मी घासत नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा सासरची सगळी माणसं सकाळी अंगणात दातवण करत. दात घासून झाले की काडी उभी चिरायची, अर्धी वाकवायची आणि जिभेवरून ओढायची. ओ ओ करत सगळं घर खाकरायचं. मला किळस यायची. आमचं वेगळं घर झालं तेव्हा मी पहिला नियम हाच केला: हा आवाज माझ्या घरात नको. तुमची आई लहानपणी माझ्या सासरच्या गावाहून ते शिकून आली होती, तर तिलाही रागावले होते. सभ्य माणसं असं करत नाहीत, म्हणाले होते.

डॉक्टरांनी सांगितलेली, जीभ घासायची स्टीलची जिभली मी येताना घेतली. दुसऱ्या सकाळी दार लावून प्रयत्न केला तर उलटी यायला लागली. आता विचारायचं कोणाला? मोरीवर जाऊ बसली होती, हातात चिरलेली काडी. मी तिच्या शेजारी पाट ओढला आणि जिभली पुढे केली.

"बाई, मला हे जमत नाही. कसं करता तुम्ही?"

तिने जिभली उलटसुलट करून पाहिली. "काऊन, इंग्रजीत हे शिकवत नाई वाटते," ती म्हणाली. एवढा एकच टोमणा, आणि तो मी कमावलेला होता. मग तिने शिकवलं. जीभ सारी बाहेर काढ. एकदम मागे जाऊ नको, रोज थोडं थोडं. श्वास सोडत सोडत पुढे ओढ, जोर लावू नको. मी ओ केलं, तिने ओ केलं. तुमची आई खिडकीतून पाहत होती. तिने मला माझ्या नियमाची आठवण करून दिली नाही.

जावेची सतरंजी मी त्याच दिवशी परत उन्हात टाकली. मनातून जळणं गेलं होतं असं मात्र नाही. उलट वाढलं. लेकरूही तिचं, आणि आता माझ्या तोंडाचा उपायही तिचाच.

ते तिघं परत निघाले त्या सकाळी मी पलंगावर बसून पुस्तकं बॅगेत भरत होते. मुलगी आली, पलंगावर चढली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. कुणाला सांगायचं नाही, असं बजावून ती कुजबुजली, की विमानात मोठ्या आजीला सोबत न्यायचंय.

मी तिच्याकडे तोंड वळवलं. आमची नाकं जवळजवळ टेकली होती. "आणि मी?" मी विचारलं.

ती मागे सरली नाही. तिथेच, माझ्या तोंडासमोर, तिने थोडा वेळ विचार केला.

"तू पण चल," ती म्हणाली. "पण खिडकीजवळ मोठी आजी बसेल."