जनाबियातली छाटणी

इथे बहरीनमध्ये, सनाबिसला राहणारा माझा निफाडचा शेजारी सायकल अशी हाणतो की उंट लाजून वाट सोडतात. दर शुक्रवारी आम्ही सार गावाजवळचे प्राचीन वस्तीचे अवशेष बघायला निघतो. पण शेजारच्या जनाबिया गावातल्या एका व्हिलाच्या भिंतीवर द्राक्षवेल दिसली की याचे ब्रेक लागतात.

"ऑक्टोबर आला राव, आणि हिची छाटणी नाही? पाप आहे!"

गावची द्राक्षबाग याचा थोरला भाऊ छाटतो. याला त्या महिन्यात रजा कधीच मिळत नाही.

एका शुक्रवारी याने खिशातून कात्री काढली आणि मी घाम पुसेपर्यंत वेलीच्या नुसत्या काड्या ठेवल्या. व्हिलाचा अरब मालक मोडक्या हिंदीत ओरडत धावत आला. "ये क्या किया? खलास कर दिया!" याचा व्हिसा गेलाच, असं समजून मी मनातल्या मनात याला विमानात बसवलं. हा हात जोडून म्हणाला, "बाबा, दो हफ्ता रुको. नहीं फूटा तो पुलिस बुलाओ."

दोन आठवडे हा जेवलाच नाही. बरं, कमी जेवला.

मग पुन्हा त्या भिंतीपाशी गेलो. प्रत्येक काडीवर हिरवा कोंब होता. मालक दारात उभा राहून हसत होता. याने कोंबाला बोट लावलं. मग गावी फोन लावला.

"दादा, माझी फुटली. तुझी?"